बायचे लंगोट मालवणला जातात

लंगोट पिळायचा नाही, हे मथुराबाईंनी मुलाला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी त्याच्यावरचा भरवसा उडाल्यामुळे थेट पिशवीकडे बघून सांगितलं. बाळाचा लंगोट पिळला की बाळाच्या पोटात पीळ पडतो. तो दिवेलागणीनंतर बाहेर वाळत ठेवायचा नाही, वारं बाधतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो परक्याच्या हाती लागू द्यायचा नाही. जेवढे घरातून गेले तेवढे घरात परत आले पाहिजेत. लहान पोराच्या अंगाचं कापड मिळालं की लोक त्याचं काय काय करतात, हे मथुराबाईंना ठाऊक होतं. काय करतात ते मात्र त्या कधी सांगत नसत. "तुका कळूचा नाय," एवढंच म्हणत आणि भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघत.

"आये, मी दिवसभर लोकांचे हिशेब करतंय," गुरुप्रसाद म्हणाला. "माका लंगोट मोजूक येतत."

"हिशेब मुतत नाय, झिला," मथुराबाई म्हणाल्या.

हिशेबनीसाने लंगोट पुन्हा मोजायला घेतले.

गुरुप्रसाद परुळेकर वैभववाडीतल्या आपल्या घरी बसून कणकवलीच्या एका सीएचं काम लॅपटॉपवर करायचा. त्याची बायको संचिता मालवणात सरकारी नोकरीला. त्यांची मुलगी बाय जन्मली तेव्हापासून संचिता रजेवर होती आणि ती रजा आता रविवारी संपत होती. सोमवारी रुजू व्हायचं, त्याआधी शुक्रवारी जाऊन कागदपत्रं तपासून घ्यायची. मालवणात एक खोलीही बघून ठेवली होती. संचिता ऑफिसला जाईल आणि गुरुप्रसाद खोलीवर बसून एका हाताने हिशेब, दुसऱ्या हाताने बाय सांभाळील, असा नवराबायकोचा बेत होता. बेत ऐकून मथुराबाईंनी हातातली शेवग्याची शेंग कडकन मोडली.

"बापयान चेडू संभाळूचा? बरा," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी दिवसभर एकट्यान संभाळून दाखय. संचितान दूद पाजूचा, बाकी हात लावूचो नाय. चेडू कोरडा आणि लंगोट पुरे घराक इले, तर सोमवारी खुशाल जावा. नायतर तिना रजा वाढवची."

रजा वाढवायची म्हणजे काय, ते संचिताला माहीत होतं. साहेबांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं की मॅडम, आता आणखी रजा घेतलीत तर तुमच्या टेबलावर दुसरं कोणी बसवावं लागेल, आणि मग तुमची बदली कुठे होईल ते मी सांगू शकत नाही. ते टेबल मिळवायला ती तीनदा परीक्षेला बसली होती. तिने सासूशी वाद घातला नाही. पण हल्ली बायला झोपवताना ती ऑफिसच्या ग्रुपवर आलेली परिपत्रकं वाचून दाखवायची, तीही अंगाईच्या चालीवर. 'उपरोक्त विषयान्वये' आलं की बायचे डोळे मिटायचे. ते गुरुप्रसादच्या कानावर पडायचं. ही नोकरी आपल्यामुळे जाता कामा नये, हे त्याने मनाशी अगदी ठाम ठरवलं होतं.

आता कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? दुकानात डायपर मिळतात. मिळतात ना. वैभववाडीतही मिळतात. पण बायला त्यांनी पुरळ उठलं होतं, आणि पुरळ एक वेळ बरं झालं असतं, गुरुप्रसादचं भाषण बरं होण्यासारखं नव्हतं. डायपर मातीत कुजायला किती पिढ्या जाव्या लागतात, हे त्याने कुठेतरी वाचलं आणि वाडीच्या बैठकीत, रस्त्याच्या खड्ड्यांचा विषय बाजूला सारून, उभं राहून सांगितलं. त्या भाषणामुळे दोन घरांत सासवासुनांची जुंपली आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्याच्याकडे बघणं सोडलं. असा माणूस डायपरचं पाकीट घेताना दिसला असता तर वाडीने त्याला आयुष्यभर दुसऱ्या नावाने हाक मारली असती. तेव्हा लंगोट. मथुराबाईंच्या आईच्या जुन्या, मऊसूत लुगड्याचे, पोपटी काठाचे, दोन्ही टोकांना नाड्या लावलेले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची एक फुली.

शुक्रवारी पहाटे शेजारचे दाजी निरोप द्यायला आले. दाजींची उमर बोटीवर गेलेली. मोठमोठ्या व्यापारी जहाजांवर त्यांनी दोर सांभाळले होते, आणि निवृत्तीनंतर वैभववाडीत दोराचा उपयोग फक्त गुरं बांधायला होतो याचं त्यांना मनापासून दुःख होतं. गुरुप्रसाद बायला लंगोट बांधताना त्यांनी पाहिलं आणि त्यांना राहवेना.

"ही काय गाठ म्हणूची? ह्या गाठीन होडी पण रवाची नाय. सर हकडे." दाजींनी नाड्या हातात घेतल्या, एक इकडून, एक तिकडून, मधून एक वेढा. "आता वादळ येवंदे. सुटली तर नाव बदलीन."

बायने पाय झाडून पाहिले. लंगोट जागचा हलला नाही. गुरुप्रसाद थक्क झाला. ती गाठ तो तिथल्या तिथे शिकला. कशी बांधायची ते शिकला. कशी सोडायची ते विचारायचं त्याच्या डोक्यात आलं नाही आणि दाजींनीही आपण होऊन सांगितलं नाही, कारण बोटीवर बांधलेलं सोडायचं काम दुसऱ्या माणसाकडे असायचं.

एसटी सुटली. नवराबायको शेजारीशेजारी बसले, पण संचिताने अट मानून हात मांडीखाली घातले होते. कणकवली यायच्या आतच बायने आपलं काम केलं. गुरुप्रसादने पिशवीतून कोरडा लंगोट काढला, बायला मांडीवर आडवी घेतली आणि गाठीला हात घातला. गाठ ढिम्म. नखांनी ओढून पाहिलं, पेनाचं टोक घातलं, पेन तुटलं. ओली झाल्यामुळे ती आणखीच आवळली होती. बाय रडायला लागली तशी गाडी जागी झाली. एका बाईने सांगितलं की तेल लावा. एकाने सांगितलं की पोर उलटं करा. कंडक्टर आला, वाकून बघून म्हणाला, "सील केलंय काय?" आणि पुढे गेला.

"माज्याकडे दी," संचिता कुजबुजली.

"अट म्हणजे अट," गुरुप्रसाद म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

शेवटी मागच्या सीटवरच्या आजोबांनी चंचीतून अडकित्ता काढला. "ह्येना आजवर सुपारीशिवाय काय कापूक नाय," असं म्हणत त्यांनी गंभीरपणे दोन्ही नाड्या गाठीसकट मुळाशी कापल्या आणि अडकित्ता धोतराला पुसून परत चंचीत ठेवला. पुढे अख्खा प्रवासभर ते सुपारी न खाता बसून राहिले. गाठीच्या धास्तीने कोरडा लंगोट गुरुप्रसादने नुसता खोचला आणि बाय कोरडी झाली. एक लंगोट मात्र कायमचा बिननाडीचा झाला, आणि बिननाडीचा लंगोट हे या गोष्टीतलं फार मोठं पात्र आहे, त्याकडे लक्ष ठेवा.

पुढे एका स्टँडवर गाडी बदलायची होती. कुठलं स्टँड ते सांगत नाही, आम्हांला उद्या तिथूनच गाडी पकडायची आहे. उतरतात तोच संचिताला ऑफिसातून फोन आला: डॉक्टरांच्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स हव्यात, त्यावर सही हवी, आणि फोटो मागच्या बाजूला नाव लिहिलेले हवेत. ती झेरॉक्सचं दुकान शोधायला धावली. ती दिसेनाशी होण्याची वाट बघत असल्यासारखी बायने पुन्हा आघाडी उघडली. गुरुप्रसादने समोर पाहिलं, तर पाटी होती: हिरकणी कक्ष. त्याला वाटलं, देव आहे.

दारात खुर्ची टाकून एक कर्मचारी बाई बसल्या होत्या. सरकारी जागेत आपोआप तोंडात येते ती शुद्ध मराठी गुरुप्रसादच्याही तोंडात आली.

"नमस्कार. बाळाला बदलायचं आहे."

"बाळाची आई कुठे आहे?"

"झेरॉक्स काढायला गेली आहे."

"मग आईला येऊ द्या. कक्ष मातांसाठी आहे. पुरुषांना प्रवेश नाही."

"पण बाळाला आहे ना?"

"बाळाला आहे."

"मग बाळ एकटं आत जाऊन काय करणार?"

बाईंनी यावर खरोखर विचार केला. त्या वाईट नव्हत्या. "तसा नियम नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही लेखी अर्ज दिलात तर वर पाठवता येईल. वडिलांची मागणी आजवर आलेली नाही." गुरुप्रसादच्या शर्टावर ऊब पसरत चालली होती, आणि अर्जाचा मसुदा करण्याइतका वेळ बायकडे नव्हता. तो वळला. समोर पार्सलचा काटा होता, सपाट, रुंद, रिकामा. त्याने त्यावर दुपटं पसरून बायला ठेवलं. काट्याची सुई डुगडुगली. हमाल धावत आला, आणि खाली काय आहे ते बघून थबकला.

"खंय धाडूचा?" त्याने विचारलं.

"खंयच नाय. लंगोट बदलतंय."

"मगे बरा. जिवंत पार्सलाक वेगळी पावती लागता."

बदलून झाल्यावर हमालाने काटा पाहिला आणि बाय बरीच हलकी झाल्याचं जाहीर केलं. रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. परुळेकरांच्या घराण्यात आजवर सार्वजनिक ठिकाणी टाळ्या मिळवणारा हा पहिलाच पुरुष. पण त्याला त्याचा आनंद झाला नाही. या वेळेला त्याने पुन्हा दाजींचीच गाठ मारली होती, कारण दुसरी कुठलीही गाठ आता त्याच्या हाताला आठवत नव्हती.

मालवणला पोचल्यावर संचिता ऑफिसात गेली. दारातून तिने एकदा मागे वळून पाहिलं. गुरुप्रसादने बायला छातीवरच्या झोळीत बांधलं होतं. एका हातात नाचणीच्या पेजेचा डबा, दुसऱ्या हातात ओल्या लंगोटांची पिशवी, आणि चेहऱ्यावर सगळं ठीक असल्याचा आव. तिच्या डोळ्यांत त्याला भीती दिसली. त्याने तिला हात दाखवायचा म्हणून पिशवीच दाखवली.

ओले लंगोट पिशवीत कोंडून ठेवले तर कुजट वास सुटतो, म्हणून तो बंदराकडे चालत गेला. तिथे सार्वजनिक नळ होता, वारा होता, आणि जाळी सुकवायला दोन खांबांमध्ये बांधलेला दोर होता. जाळ्याशी बसलेल्या माणसाला विचारून त्याने लंगोट दोन पाण्यांत धुतले. पिळले नाहीत. आईशपथ पिळले नाहीत. पाण्याने जड झालेले, धारा गाळणारे लंगोट त्याने एकेक करून दोरावर चढवले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकाची नाडी दोराला दाजींच्या गाठीने बांधली. बिननाडीच्या लंगोटाला बांधायला काही नव्हतं. तो नुसताच दोरावर टाकला आणि त्याच्या ओलेपणाच्या वजनावर विसंबून गुरुप्रसाद सावलीत बायला पेज भरवायला बसला.

मालवणच्या बंदरावरचा वारा वजन बघत नाही. पेजेचे चार चमचे झाले असतील नसतील, दोरावर फटाफटा आवाज आला. त्याने मान वर करून पाहिलं तर पोपटी काठ हवेत. लंगोट एका होडीच्या डोलकाठीवरून गेला, बर्फाच्या गाडीला वळसा घालून मासळी उतरवत होते त्या गर्दीवर फिरला आणि खाली कुठेतरी उतरला. गुरुप्रसाद उठून धावणार, तर दोरावर बाकीचे लंगोट. ते टाकून जावं तर तेही परक्याच्या हाती लागतील. मग बाय छातीवर, डबा काखेत, आणि सोडायला घेतल्या दाजींच्या गाठी. नखांनी सुटेनात म्हणून त्याने दात लावले. जाळी शिवणारा माणूस काम थांबवून बघत राहिला. बायला हा खेळ फार आवडला, ती बापाच्या हनुवटीवर दोन्ही हातांनी मारत होती. शेवटचा लंगोट सुटेपर्यंत मासळीची गर्दी पांगली होती आणि उडालेला लंगोट कुठेच नव्हता.

गुरुप्रसादने पिशवीतले लंगोट पुन्हा मोजले. त्याला देवाच्या फोटोकडे बघणारी आई दिसली. मग ऑफिसच्या दारात मागे वळलेली संचिता दिसली, आणि ते जास्त लागलं. एका फडक्यापायी हिची नोकरी जाणार, असं वाटून त्याला तिथेच मोठ्याने रडावंसं वाटलं, पण छातीवरची बाय हसत होती आणि एका झोळीत दोन तऱ्हा बऱ्या दिसत नाहीत.

त्याने बर्फाच्या गाडीखाली पाहिलं. कोळंबीच्या क्रेट उचलून पाहिल्या. एका मांजराचा पाठलाग केला, त्याच्या तोंडात बांगडा निघाला. मग तो मासळीबाजारात शिरला, आणि शिरताच थांबला. समोरून एक उंच, काळीसावळी बाई डोक्यावर सुरमईची पाटी घेऊन डुलत येत होती. पाटीखाली चुंबळ होती, ओझं डोक्याला टोचू नये म्हणून ठेवतात ती कापडाची वेटोळी. चुंबळीला पोपटी काठ होता. तिच्या टोकाशी लाल दोऱ्याची फुली होती.

ही आनंदीबाई. बाजारात तिच्या शब्दाला मान होता आणि तिच्या आवाजाला त्याहून जास्त. तिने ओट्यावर पाटी उतरवली. चुंबळ डोक्यावरच राहिली. गुरुप्रसाद समोर जाऊन उभा राहिला.

"काय होया?" आनंदीबाईने विचारलं.

"सुरमई... बरी आसा."

"सुरमई पाटीत आसा. तू मगाधरना माज्या डोक्याकडे बघतंस."

आजूबाजूच्या बायका वळल्या. गुरुप्रसादचे कान तापले. लंगोट म्हणावं तर सुरमई तोंडावर बसण्याची भीती, गप्प राहावं तर लंगोट गेला. त्याने खाकरून आवाज भारदस्त केला.

"मावशी, ती चुंबळ माका देशात काय?"

"चुंबळ? तुका मासळी व्हावूची आसा?"

"नाय. असाच. जुना कापाड आसा, म्हणान."

"मुंबयसून इलो आसतलो," शेजारची काशीबाई बांगडे रचता रचता म्हणाली. "ते लोक जुनां कायव इकत घेतत. माज्या भावाची फुटकी घागर घेवन गेले, आता तिच्यात झाड लावलेला आसा."

"चुंबळ नाय मिळाची," आनंदीबाईने निकाल दिला. "माजी जुनी सकाळी दर्यात पडली. आता काय करू म्हणान उभी रवलंय, आणि वरसून ह्या कापाड येवन माज्या पाटयेर पडला. देवान धाडल्यान. तेच्यानंतर बघ, अर्दी पाटी वाटेतच खपली. असलो कपडो कोण देता?"

देवाने धाडलेली वस्तू परत मागायची कशी, याचा गुरुप्रसाद विचार करतो आहे तोवर बायने त्याचा प्रश्न सोडवला. तिने बापाच्या पोटावर ऊन ऊन धार सोडली. आता थांबायची सोयच नव्हती. त्याने एक क्रेट उलटी केली, दुपटं पसरलं, बायला ठेवलं, दातांनी गाठ सोडली आणि पिशवीतून दुसरा लंगोट काढून झटकन उलगडला. पोपटी काठ. कोपऱ्यात लाल फुली.

आनंदीबाईचा हात सावकाश डोक्याकडे गेला. तिने चुंबळीचं टोक डोळ्यांसमोर धरलं. लंगोटाकडे पाहिलं, परत टोकाकडे पाहिलं. बाजारात सुऱ्या थांबल्या.

"धुतललो हा!" गुरुप्रसाद किंचाळला. "देवाशपथ, दोन पाण्यांत धुतललो! नुसतो पिळूक नाय!"

"तरीच!" आनंदीबाई म्हणाली. "मगाधरना मानेवरसून पाठीत पाणी गळता. माका वाटला बर्फ वितळता."

आणि ती हसली. अशी हसली की ओट्यावरच्या सुरमया हलल्या. काशीबाई तर बांगड्यांवर आडवी झाली. बायलाही हसू आलं. एकटा गुरुप्रसाद हातात लंगोट धरून उभा होता, आणि हसणाऱ्या बायकांसमोर त्याचा इतका वेळ धरून ठेवलेला धीर सुटला. त्याने सगळं सांगून टाकलं. आईची अट, तिचं मोजणं, संचिताची परीक्षा, सोमवार, साहेबांचा गोड आवाज, दाजींची गाठ. सांगताना त्याला लाजसुद्धा वाटली नाही.

आनंदीबाई हसायची थांबली. "बायलेच्या कामासाठी हय बाजारात लंगोट शोधीत फिरतंस?" तिने विचारलं. "माजी तीन पोरां ह्याच ओट्याखाली झोळयेत वाढली. घोव माजो बरो होतो, पण तेना एक दिवस लंगोट धुवक नाय." तिने डोक्यावरून कापड काढलं, वेटोळी सोडली आणि घडी करून त्याच्या हातात दिली. "घे. आवशीक मोजून दाखय."

गुरुप्रसादला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेवढ्यात काशीबाई म्हणाली, "आणि हिना पाटी कशार घेवची? आजून दोन वाडये फिरूचे आसत तिका."

बरोबर होतं. गुरुप्रसादने रुमाल पुढे केला. आनंदीबाईने तो बोटाला गुंडाळून परत दिला. दुपटं बायला हवं होतं. शर्ट द्यावा तर संचिताच्या ऑफिससमोर उघडं उभं राहावं लागेल. शेवटी तो बर्फाच्या पेटीमागे गेला आणि शर्ट काढून, आतली गंजी काढून, शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून बाहेर आला. आनंदीबाईने गंजीला दोन पीळ देऊन वेटोळी केली, डोक्यावर ठेवली, मान हलवून पाहिली.

"ही लंगोटापेक्षा बरी आसा," ती म्हणाली. "मऊ." निघताना तिने पाटीतली एक लहान सुरमई काढून केळीच्या पानात बांधून दिली आणि काही केल्या तिचे पैसे घेतले नाहीत. "तुज्या आवशीक दी. सांग, आनंदीबायन दिल्यान."

दुपारी काम आटपून संचिता बाहेर आली. दाखल्याच्या दोन झेरॉक्स पुरल्या नव्हत्या, तिसरी लागली होती. पण कागद पास झाले होते. तिला नवरा फाटकाशी उभा दिसला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, घामाने डबडबलेला, अंगाला मासळीचा वास. छातीवर बाय गाढ झोपली होती.

"सगळा ठीक?" तिने विचारलं.

"सगळा ठीक," गुरुप्रसाद म्हणाला. परतीच्या गाडीत तो सारखा पिशवीतले लंगोट चाचपत होता. कागदांची फाइल संचिताने वाटभर दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

घरी पोचले तेव्हा मथुराबाई पडवीत बसूनच होत्या. आधी त्यांनी बायला घेतलं, हात लावून पाहिला, पाठ पाहिली, पोट चाचपलं. पोटात पीळ नव्हता. मग पिशवी पायांशी उलटी केली आणि मोजायला बसल्या. संचिता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, पण ती पीत नव्हती. मथुराबाईंनी एकदा मोजलं. परत मोजलं.

"पुरे आसत," त्या म्हणाल्या. आवाजात थोडी निराशा होती. "एकाच्या नाडये तुटलेले आसत."

"दाजींची गाठ."

"आणि तेकाच वास येता."

"सुरमईचो," गुरुप्रसाद म्हणाला आणि केळीचं पान पुढे केलं. मथुराबाईंनी सुरमई उघडून पाहिली. ताजी होती. तिच्या जागी बांगडा असता तर पुढे काय झालं असतं सांगता येत नाही, पण सुरमईपुढे परुळेकरांच्या घरात कोणी फार प्रश्न विचारत नाही.

"बरा," त्या म्हणाल्या. "जा, न्हावन घे. आणि ती गंजी दी हकडे, घामान भिजली आसतली."

गुरुप्रसाद जागचा हलला नाही.

"गंजी दी म्हणतंय."

"गंजी... नाय."

"नाय म्हणजे? सकाळी घातललंस. मी काढून दिलंय. खंय गेली?"

"मालवणाक रवली."

"कोणाकडे?"

लपवण्यात आता अर्थ नव्हता. "आनंदीबायच्या डोक्यार," गुरुप्रसाद म्हणाला.

संचिताने नेमका त्याच क्षणी पाण्याचा घोट घेतला होता. तिला असा ठसका लागला की बाय दचकून जागी झाली. मथुराबाईंनी देवाच्या फोटोकडे पाहिलं आणि या खेपेला बराच वेळ पाहत राहिल्या. पोटच्या पोराच्या अंगातली गंजी, घामाने भिजलेली, परक्या बाईच्या डोक्यावर, अख्ख्या मालवणभर फिरते आहे. लोक अशा वस्तूचं काय काय करतात, ते त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून दिसत गेलं. गुरुप्रसादने घडलेलं सगळं भराभर सांगितलं, पण गंजीच्या पुढचं त्यांना ऐकू जात होतं की नाही कोण जाणे.

अखेर त्यांनी मान फिरवली, आणि सुनेकडे बघितलं.

"संचिता, तू सोमवारी कामार जा."

"आई, खरंच?" संचिताच्या हातातला तांब्या कलंडला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ठसक्याचं होतं ते केव्हाच संपलं होतं, हे दुसरं होतं.

"मगे काय तर. बायचा सगळा नीट इला. कोरडा आसा, हसता, एक लंगोट कमी नाय. तेच्यात मी खोट काढूचंय नाय." मग त्यांची नजर मुलाच्या गळ्यापर्यंत लावलेल्या बटणांवर जाऊन थांबली. चौतीस वर्षांचा मुलगा त्या नजरेखाली पुन्हा लहान झाला.

"पण ह्येका थंय एकट्याक धाडूचा म्हटल्यार माजो जीव रवाचो नाय," त्या म्हणाल्या. "माजी पण बॅग भर. आणि ह्येच्या गंजये मोजून घे."